मार्थाबाईंची बाहेरची खुर्ची

मार्थाबाई पाटोळे यांच्या खोलीचे दार आडवे दुभागलेले होते. वरचा अर्धा भाग सकाळी उघडला की निजानीज होईपर्यंत उघडाच राही, आणि खालच्या अर्ध्या भागाला दिवसभर आतून कडी असे. खेड्यात शेळ्या-कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून अशी दारे करतात. भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या चाळीत शेळ्या नव्हत्या. बाईंनी ते दार सुताराला समोर बसवून मुद्दाम करवून घेतले होते. दाराबाहेर, भिंतीला टेकवून, लोखंडी घडीची एक खुर्ची असे. बाईंविषयी लिहायचे तर या दोन वस्तूंपासूनच सुरुवात करणे भाग आहे.

माझी ओळख देणेही क्रमप्राप्त आहे. मी भोईर, तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसणारा अर्जलेखक. शिक्षण नववीपर्यंत; परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आल्याचे कोणी दाखवून द्यावे. मागावरचे परप्रांतीय कारागीर मला मुन्शीजी म्हणतात आणि समोर उकिडवे बसून सांगतात, "मुन्शीजी, ऐसा लिखना कि साहब का दिल पिघल जाए." साहेबांचे मन कोणत्या शब्दांनी वितळते याचे मला पुरेसे ज्ञान आहे. मार्थाबाई माझ्या शेजारीण होत्या, मध्ये एका विटेची भिंत, तरी त्यांच्या मनाचा अंदाज मला वेळेवर आला नाही.

बाई नगरकडच्या ख्रिस्ती. पती सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कारखान्यात, फिटर होते म्हणून त्या भिवंडीत आल्या आणि पती गेल्यावर येथेच राहिल्या. ठेंगण्या, आवाज मात्र भरदार. घरात मुलींचा शिवणवर्ग चालवीत. तोंडात पाच-सहा टाचण्या धरूनही ज्यांचे बोलणे स्पष्ट कळते अशी दुसरी व्यक्ती मी पाहिली नाही. मात्र त्या टाचण्या एकेक काढून शिवणाच्या छोट्या उशीला टोचू लागल्या, की वर्गातल्या मुली यंत्रे थांबवीत. बाई आता काही सांगणार, हे त्यांना कळे.

पहाटे त्या मोठ्याने प्रार्थना करीत. भिंतीमुळे शब्द न शब्द आम्हाला ऐकू येई. प्रथम आजारी माणसे, नंतर परीक्षेला बसलेली मुले, आणि शेवटी, "हे प्रभू, माझ्या खुर्चीवरच्या माणसांना सांभाळ," असे म्हणून काही नावे, पूर्ण नावे, आडनावासकट. माझी पत्नी वैशाली मला हलवून म्हणे, "बाईंची हजेरी चालू झाली हाय, उठा."

खुर्चीवरची माणसे म्हणजे बाईंना, किंवा त्यांच्या आसऱ्याला असलेल्या कोणाला, ज्यांनी इजा केली आणि जी पुन्हा करतील अशी बाईंची खात्री होती, ती माणसे. अशांना बाई आत घेत नसत. परंतु हाकलूनही देत नसत. माणूस आला की बाई कडी काढून बाहेर येत, खुर्ची उघडत, पदराने पुसत, "बसा" म्हणत आणि चहा आणत. निळ्या काठाचे सहा कप होते. आत बसलेल्या पास्टरांना ज्या कपात चहा जाई, त्याच कपात बाहेरच्यालाही.

मी एकदा त्यांना याविषयी टोकले. मला वाटले होते, मुद्दा बिनतोड आहे.

"बाई, रागावू नका. तुमच्या वाडवडिलांना गावाने बाहेर बसवलं. आता तुम्ही तेच करता?"

बाई परकराच्या दुमडीला टाके घालीत होत्या. टाचण्या उशीत गेल्या.

"माझ्या आजोबांना जन्मावरून बाहेर बसवलं होतं, भोईरभाऊ. कप वेगळा, तोही फुटका, आणि तो स्वतः विसळून वळचणीला ठेवायचा. मेले तरी आत घेतलं नाही कोणी. मी माणसाला कृत्यावरून बसवते. कृत्य बदललं की खुर्ची आत येते."

"माणूस आत येतो, असं म्हणा."

"खुर्चीसकट," बाई म्हणाल्या.

हे खुर्चीसकट आत येणे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. चाळीच्या टोकाला राहणाऱ्या कुंदावहिनींनी समोरच्या नर्सबाईंविषयी काही भलतेच पसरवले होते आणि त्यापायी नर्सबाईंच्या संसारात मोठी तेढ आली होती. नर्सबाई मार्थाबाईंकडे येऊन रडत. दुसऱ्या दिवशी कुंदावहिनी नेहमीप्रमाणे गप्पांना आल्या तो बाईंनी खुर्ची उघडलेली.

"मला बाहेर बसवते? मी काय वसुलीवाली हाय?"

"साखर किती घालू?" बाईंनी विचारले.

कुंदावहिनी तणतणत निघून गेल्या आणि चारच दिवसांनी परत आल्या, कारण बाईंसारखा चहा चाळीत कोणी करीत नसे. वर्षभर त्या बाहेरच बसल्या. बसून बाईंना शिव्या देत आणि कप मात्र जपून परत करीत. मग एक दिवस सकाळी नळावर, सर्व हंडे रांगेत असताना, त्या नर्सबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी बोलली ते खोटं व्हतं. मला म्हाईत व्हतं खोटं हाय." एवढेच. पुढे एक शब्द नाही. त्याच संध्याकाळी मार्थाबाईंनी ती लोखंडी खुर्ची उचलून घरात नेली, मशीनच्या शेजारी मांडली आणि तिच्यावर कुंदावहिनींना बसवले. दुसऱ्या चांगल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

चर्चच्या मंडळीतल्या सर्वांना ही रीत पसंत नव्हती. एक तरुण माझ्यादेखत त्यांना म्हणाला, "बाई, आपल्याला तर दुसरा गाल पुढे करायला शिकवलंय."

"माझा गाल असेल तर करीन की. लिलीचा गाल पुढे करायचा अधिकार मला कोणी दिला?"

बाई पुढे म्हणाल्या, "प्रभूच्याच गावचे लोक त्याला कड्यावरून लोटायला घेऊन गेले होते. त्यानं काय केलं? त्यांच्यामधून वाट काढून निघून गेला. थांबून समजूत काढत बसला नाही. आणि त्यांचा द्वेषही केला नाही. दोन्ही जमतं बाळा, फक्त मध्ये थोडी जागा लागते."

लिली ही त्यांची धाकटी बहीण. चाळिशीला आलेली. पूर्वी ती मधला भाऊ शमुवेल याच्याकडे गणेशपुरीस राहत असे. तेथे त्याचे तसबिरींना चौकटी करून देण्याचे दुकान. वागण्याबोलण्यात अत्यंत मधुर माणूस. लिलीला लहानपणी फिट येत, मोठेपणी थांबल्या. शमुवेलने मात्र त्या थांबू दिल्या नाहीत. स्थळ आले की डोळ्यांत पाणी आणून तो पाहुण्यांना बाजूला घेई आणि म्हणे, "सत्य लपवणं पाप आहे." अशी दोन स्थळे परत गेली. लिली गेली असती तर त्याच्या घरचा स्वयंपाक कोणी करायचा आणि दुकानातल्या काचा कोणी पुसायच्या? तिने कधी तोंड उघडलेच तर तो हसून म्हणे, "तडा गेलेली काच कोणी चौकटीत बसवतं का गं?"

एका दुपारी बाई एसटीने गेल्या आणि तिला घेऊन आल्या. लिलीपाशी एक पिशवी होती. सुरुवातीला तिच्या हातात कपबशी दिली की ती थडथड वाजे, आणि तो आवाज भिंतीपलीकडे आमच्याकडेही येई. बाईंनी तिच्या हातातून कप कधी काढून घेतला नाही. हळूहळू आवाज थांबला. लिली परकर शिवू लागली, मग ब्लाउज, मग वर्गातल्या मुलींना रागावूही लागली. वैशाली म्हणाली, "बाय आता मानसात आली."

शमुवेल नाताळला केक घेऊन आला. बाईंनी खुर्ची उघडली, पुसली. मी माझ्या दारात उभा होतो.

"ताई, सख्खा भाऊ आहे मी."

"म्हणून तर आधी पुसली."

"लिली कुठंय?"

"आत आहे. तिला यावंसं वाटलं तर येईल."

आतून शिलाई मशीनचा आवाज येत राहिला. शमुवेलने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून खेदाने मान हलवली. "बघितलंत, साहेब," तो म्हणाला. चाळीत मला साहेब कोणी म्हणत नसे. ते संबोधन माझ्याजवळ राहिले.

पुढच्या वर्षी दानिएलचे स्थळ आले. एका कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. विधुर, पदरी लहान मुलगी, घरी आई. बाईंनी लिलीच्या लहानपणच्या फिटविषयी त्याला स्वतः सांगितले. तो म्हणाला, "माझा निम्मा दिवस अडलेल्या मागांत जातो, बाई. चालू झालेल्याला मी हात लावत नाही." हे वाक्य बाईंनी मला दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा हसल्या.

त्यांच्यात लग्नापूर्वी तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावे जाहीर करतात, आणि कोणाची हरकत असल्यास सांगावी असे पास्टर विचारतात. पहिल्या रविवारी नावे वाचली गेली त्या संध्याकाळी मी बाईंकडे बसलो होतो. मी आत बसत असे. एवढेच नव्हे, वरून हात घालून खालची कडी स्वतः काढून आत जाण्याची मला मुभा होती. चाळीत अशी मुभा आणखी कोणाला नव्हती.

"शमुवेलला कळवलंत?" मी विचारले.

बाईंनी टाचण्या उशीला टोचल्या. "नाही. लग्न झालं की मी स्वतः पेढे घेऊन जाईन. तोवर, भोईरभाऊ, ही गोष्ट या भिंतीच्या आत राहू द्या. लिलीचं लग्न आहे. तिसरं मोडलं तर ती पुन्हा उभी राहणार नाही."

मी मान डोलावली. परंतु मला ते पटले नव्हते. कचेरीच्या दारात आयुष्य गेलेले. वारसांपैकी एकाला अंधारात ठेवून सातबाऱ्यावर फेरफार करावा आणि काही वर्षांनी त्याने उगवून सर्व उलथे करावे, हे मी किती वेळा पाहिले होते. हितसंबंधी इसमास कळवावे, त्याची संमती घ्यावी, म्हणजे प्रकरण पक्के होते. ही माझ्या धंद्यातली पहिली शिकवण. बाई भाविक, त्यांना व्यवहार कळत नाही, असे मी ठरवले. शिवाय भाऊ-बहिणींचा समेट माझ्या हातून घडावा, असेही मला वाटत होते. ते मला अधिक वाटत होते.

मी गणेशपुरीस गेलो. शमुवेलने मला दुकानात आत घेतले, गादीची खुर्ची दिली, थंड मागवले. लग्नाचे ऐकून तो रडला. "साहेब, तुम्ही देवमाणूस. मी काही बोलणार नाही. मागे उभा राहून फक्त आशीर्वाद देईन." मी संपूर्ण समाधानाने परतीच्या एसटीत बसलो.

तिसऱ्या रविवारी मी आयुष्यात प्रथमच चर्चमध्ये गेलो. नावे वाचली गेली. पास्टरांनी हरकत विचारली. पांढऱ्या कपड्यांतला शमुवेल मागच्या बाकापाशी हात जोडून उभा होता. तो काहीही बोलला नाही. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर पटांगणात आल्यावर बाईंना तो दिसला आणि त्या थबकल्या. मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, मीच बोलावलं त्यांना. आता प्रकरणात काही उणं राहिलं नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या लिलीला शोधत होत्या. तोपर्यंत शमुवेल दानिएलच्या आईला झाडाखाली घेऊन गेला होता. रुमालाने डोळे टिपत तो हळू बोलत होता. मी ते लांबून पाहिले आणि मला वाटले, माणूस भारावला आहे.

त्याने काय सांगितले ते संध्याकाळी कळले. लिलीला अजून फिट येतात. त्याचेच तान्हे मूल तिने हातातून टाकले होते. सत्य लपवणे पाप आहे. लिलीने कोणतेही मूल कधी टाकलेले नव्हते. परंतु दानिएलच्या घरात लहान मुलगी होती, आणि आजीला तेवढे पुरे झाले. दानिएल येऊन बाहेर उभा राहिला. बाईंनी त्याच्यासाठी दार उघडले तरी तो आत आला नाही.

"मला पटत नाही बाई. पण आई ऐकत नाही. पोर तीच सांभाळते. मी ड्युटीवर असतो."

तो गेला. भिंतीपलीकडून बशीत कप वाजण्याचा आवाज आला. वैशालीने माझे ताट वाढता वाढता हात थांबवला. "तुमाला कोनी सांगलं व्हतं तिकडं जायाला?" तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या दाराशी गेलो आणि सवयीने वरून आत हात घातला. बाईंचा हात आधीच कडीवर होता. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला, कडी काढून बाहेर आल्या, दार मागे ओढून घेतले आणि खुर्ची उघडली. पदराने पुसली.

"बसा, भोईरभाऊ."

निळ्या काठाचा कप आला. चहाला नेहमीसारखा आल्याचा वास, नेहमीइतकी साखर. मी ज्यांना तेथे बसलेले पाहून मनात हसलो होतो, त्या सर्वांच्या पाठींनी त्या खुर्चीची पट्टी किंचित वाकली होती. ते बसल्यावरच कळते.

"मी तुम्हाला माफ केलंय," बाई म्हणाल्या. "रात्रभर लागली, पण केलंय. आता आत येऊ नका."

"माझा हेतू वाईट नव्हता, बाई."

"नव्हताच. शमूचाही हेतू त्याच्या मते दरवेळी चांगलाच असतो."

मी चहा प्यालो.

त्या आठवड्यात एका पहाटे मी जागा होतो. आजारी माणसे झाली, परीक्षेची मुले झाली. मग खुर्चीवरची माणसे. शमुवेलचे नाव आले, आणि त्यानंतर माझे, वडिलांच्या नावासह, पूर्ण. आवाजात राग नव्हता. इतरांची नावे ज्या स्वरात, त्याच स्वरात. वैशाली जागी होती. ती कूस बदलून झोपली.

मला मार्ग ठाऊक नव्हता असे नाही. कुंदावहिनींनी मला चाळीच्या तोंडाशी अडवून तो सांगितलाही. "मला नळावर बोलायला लागलं, तवा सुटली. तुमी दानिएलच्या आईकडं जा. तोंडानं बोला. लिहू नका काय." दानिएलचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते. त्या म्हातारीसमोर उभे राहून म्हणायचे होते, शमुवेल खोटे बोलला, आणि त्याला मी आणले. दुसऱ्यांचे माफीनामे मी इतके लिहिले आहेत, की 'सबब विनंती की' पासून पुढे हात आपोआप चालतो. या माफीनाम्यात मात्र 'सबब' कोठे घालावे हे मला ठरवता येईना. उद्या जाऊ, असे म्हणत राहिलो. कधी कचेरीत गर्दी, कधी म्हातारीला बरे नाही असे ऐकले. खरी गोष्ट एवढीच, की मीच आणले हे वाक्य मी पटांगणात छाती पुढे काढून म्हटले होते. तेच आता मान खाली घालून म्हणायचे होते.

गेलो तेव्हा दाराला कुलूप होते. शेजाऱ्याने हिंदीत सांगितले, "वो लोग तो मालेगाँव गए. उधर काम मिल गया." पत्ता त्याला माहीत नव्हता. मी कुलपासमोर बराच वेळ उभा होतो, जणू ते ऐकून घेणार होते.

शमुवेल त्यानंतर दर रविवारी चर्चला येऊ लागला. वाट आता त्याला ठाऊक झाली होती. लिलीने उपासनेला जाणे सोडले, मग नळावर जाणे सोडले. तेव्हा मार्थाबाईंनी नगरकडे परत जायचे ठरवले. मला त्यांनी कारण सांगितले नाही. कड्यापर्यंत आलेल्या माणसाने वाट काढून निघून जावे, हे त्यांनी पूर्वीच सांगून ठेवले होते.

टेम्पो आला त्या सकाळी मी मदतीस गेलो. बाहेरूनच, आतले सामान मुली उचलून आणत होत्या आणि मी उंबऱ्याशी घेऊन टेम्पोत चढवीत होतो. मशीने गेली, कपाट गेले. शेवटी खुर्ची राहिली. बाईंनी ती उघडली आणि पुसली. चहा लिलीने आणला. बशीत कप वाजत होता. तिने तो माझ्या हातात दिला, माझ्याकडे न पाहता थांबली, आणि मी पिऊन संपवल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून इतर पाच कपांबरोबर ठेवला.

"खुर्ची ठेवून जा, बाई," मी म्हणालो. "आठवण म्हणून."

"नको. लागेल तिकडे. तिथेही माणसंच राहतात."

त्यांनी खुर्ची मिटून टेम्पोत दिली. मग सवयीने मागे वळल्या, दाराचा खालचा भाग ओढला आणि आत हात घालून कडी लावली. लावल्यावर स्वतःशीच थोडे हसल्या. "आता काय राखायचंय," म्हणाल्या आणि कडी परत काढली. दार सताड उघडे ठेवून त्या लिलीशेजारी जाऊन बसल्या. टेम्पो खड्डे चुकवीत गल्लीच्या वळणापर्यंत गेला. खिडकीशी बाईंचा हात एकदा दिसला, तो लिलीच्या बाजूची काच वर करण्यासाठी.

मी दाराशी उभा राहिलो. खोलीत काही नव्हते. जमिनीवर मशीनच्या पायांचे डाग होते, आणि एक टाचणी चमकत होती. आत जाण्यास आता कोणाचीही हरकत नव्हती.

मी गेलो नाही.